ही मार्सेला कोण?

(दृश्य: वाळपई. पाऊस. वाचनालयाच्या पायरीवर निथळत्या छत्र्या.)

सकाळचे साडेनऊ. दार उघडलं की पहिली दोन माणसं येतात ती पेपरासाठी. एक जण निधनाच्या बातम्यांपासून सुरुवात करतो, दुसरा शेवटच्या पानावरून मागे येतो. 'बाय, पेपर खंय?' असं कोकणीत विचारायचं आणि मराठी पेपर वाचायचा, हे गोव्यात कुणाला वेगळं वाटत नाही.

ग्रंथपाल बाई पेपर देतात, पंखा लावतात, संगणक सुरू करतात. आज पाळी त्यांची. गोव्यातल्या पाच छोट्या वाचनालयांनी मिळून ऑनलाइन संदर्भसेवा चालवली आहे: लोकांनी प्रश्न पाठवायचा, वाचनालयाने उत्तर शोधून द्यायचं. आज कुठूनही प्रश्न आला तरी तो आधी इथे उघडेल.

(दृश्य: पडद्यावर प्रश्न. अक्षरं मोठी.)

आजचा पहिला प्रश्न गिरगावातून आलाय. 'पणजोबांचा एक पोर्तुगीज कागद सापडला आहे. त्यात मार्सेला नावाच्या बाईचा उल्लेख आहे. ही कोण, कुठली, याची माहिती मिळेल का?' सोबत फोटो. फोटोत कागदापेक्षा टेबलावरचं प्लास्टिक जास्त दिसतंय.

बाई लगेच शोधायला बसत नाहीत. उलट प्रश्न पाठवतात: कागद कधीचा आहे, माहिती कशासाठी हवी, आधी कुठे कुठे पाहिलंत, आणि त्या नावाच्या आधीचे दोन शब्द कृपया टिपून पाठवा.

काउंटरवर हे सगळं चेहऱ्यावरून कळतं. माणूस 'इतिहासाचं पुस्तक द्या' म्हणतो, आणि पाच मिनिटांनी उमगतं की त्याला देवळाच्या वादासाठी एक तारीख हवी आहे. ऑनलाइन चेहरा नसतो. म्हणून विचारावं लागतं. काहींना राग येतो. 'साधी माहिती मागितली तर चौकशी कसली?' असं उत्तर बाईंना मिळालेलं आहे.

(दृश्य: पाच वाचनालयांची पाच कपाटं, एकामागून एक.)

पाचांपैकी कुणाकडेच सगळं नाही. एकाकडे जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या जुन्या संहिता आहेत, हाताने उतरवलेल्या. एकाकडे 1962 पासूनच्या दैनिकांच्या बांधीव फायली. पान उलटताना कोपरा हातात येतो, म्हणून तिथे झेरॉक्स बंद, फ्लॅश न वापरता फोनवर फोटो. फोंड्याकडच्या वाचनालयाकडे कपाटापेक्षा मोलाची गोष्ट आहे. पोर्तुगीज वाचणारे एक निवृत्त मास्तर आठवड्यातून तीन दिवस तिथे येऊन बसतात.

कुणाकडे काय आहे आणि कोण काय जाणतं, याची यादी हा या सेवेचा कणा. कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2000 साली इतर ग्रंथालयांना सोबत घेऊन असाच प्रयोग केला. प्रत्येक ग्रंथालयाने आपले विषय आणि आपल्या वेळा लिहून द्यायच्या, प्रश्न त्याप्रमाणे वाटला जायचा. ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय ग्रंथालयही त्यात होतं. वॉशिंग्टनला रात्र झाली की तिथे दिवस. 2002 मध्ये ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेबरोबर त्याचं 'क्वेश्चनपॉइंट' झालं. आपल्याकडे रात्र सगळ्यांना एकदमच होते. तेव्हा इथे साधी गोष्ट: सोमवार एकाचा, मंगळवार दुसऱ्याचा.

सुरुवातीला घोटाळे झाले. एका देवळाच्या जीर्णोद्धाराचं साल दोन वाचनालयांनी एकाच दिवशी कळवलं, आणि साल वेगळं. विचारणाऱ्याने दोन्ही उत्तरं जोडून परत पाठवली. खाली एकच ओळ: 'तुमचं आपसात ठरलं की कळवा.' तेव्हापासून प्रश्नाला हात घालणाऱ्याने आधी 'उचलला' असं लिहायचं, आणि पुस्तकाचं नाव व पान दिल्याशिवाय उत्तर पाठवायचं नाही. सापडलं नाही, तर कुठे कुठे शोधलं ते लिहून 'सापडलं नाही' म्हणायचं. खरं तर हेच लिहिणं सर्वांत जड जातं.

(दृश्य: दुपार. गिरगावचं उत्तर आलं आहे.)

नावाच्या आधीचे दोन शब्द आले: 'नातुराल दि'. बाईंनी प्रश्न फोंड्याकडे सरकवला, काय पाहिलं ते खाली लिहून. मास्तरांचं उत्तर वीस मिनिटांत आलं. 'नातुराल दि मार्सेला, म्हणजे मूळचे माशेलचे. ही बाई नसून गाव आहे.'

गोव्यातल्या कागदांत हे पावलोपावली. डिचोली शोधायची ती 'ब' अक्षराखाली, कारण पोर्तुगीजांनी तिचं बिचोली केलं. हळदोण्याचं आल्दोना. शेट आडनाव 'एक्स'ने सुरू होतं, कारण 'श'साठी ते 'एक्स' लिहीत. ज्याला हे माहीत नाही त्याच्यासमोर नोंद उघडी पडली असली तरी त्याला ती दिसत नाही. असे शब्द पाचही वाचनालयं एका सामाईक वहीत टिपून ठेवतात. विचारणाऱ्यांची नावं काढून उत्तरंही तिथेच ठेवतात.

गिरगावच्या गृहस्थांना खरं हवं काय होतं, तेही आता कळलं: पणजोबांच्या जन्माची नोंद. ती वाचनालयात नसते. पणजी शहरातल्या पुराभिलेखागाराची, म्हणजे जुने सरकारी कागद जपणाऱ्या कचेरीची, परंपरा 1595 पर्यंत मागे जाते. तिथे आणि नागरी नोंदणी कार्यालयात काय मागायचं, एवढं सांगून बाई थांबतात. कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, औषधाचा तर नाहीच. जुनी पुस्तकं हवी असतील तर पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहेच, 1832 साली 'पब्लिका लिव्रारिया' म्हणून सुरू झालेलं. तिथे जा म्हणून सांगण्यात कमीपणा कसला?

संध्याकाळी गृहस्थांची पोच आली. 'आभारी आहे. पण आमच्या घरात या मार्सेलावरून आजीने आजोबांच्या वडिलांना आयुष्यभर बोल लावले. आता ते कुणी मागे घ्यायचे?'

याला संदर्भ नाही. बाईंनी हसून प्रश्न बंद केला.

(दृश्य: दिवे लागलेत. पाऊस तसाच.)

शेवटचा प्रश्न पुण्याच्या एका शाळकरी मुलीचा. चतुर्थी पंधरा दिवसांवर आली आहे. गोव्यात गणपतीच्या वर माटोळीला, म्हणजे फळं-पानं बांधलेल्या लाकडी चौकटीला, कवंडळ बांधतात ते दिसतं कसं? बाई रानफळांवरचं पुस्तक काढतात, पान नोंदवतात. चित्र काळंपांढरं. त्या मान वर करून पेपरवाल्या काकांना विचारतात, कवंडळाचा रंग नेमका कसला हो?

काका पेपर खाली ठेवत नाहीत. 'तांबडो. फाल्यां हाडटां.'

बाई उद्याच्या पाळीसाठी टिपण लिहितात: 'प्रश्न उघडा ठेवला आहे. काका फळ आणतायत. फोटो उद्या.'