चेंडू दुसरीकडे असताना

(दृश्य: सामन्याची जुनी फीत, मंद गतीने)

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यातले हे दृश्य पहिल्यांदा पाहताना बहुतेकांची नजर चेंडूमागे जाते. चेंडू घेतलेला खेळाडू धावतो आहे आणि सिनसिनाटी बेंगल्स संघाचा लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या रांगेमागे उभा राहणारा बचावपटू, कीथ रिव्हर्स त्याला गाठायला निघाला आहे. आता हेच दृश्य पुन्हा पाहू, पण या वेळी चेंडू विसरून चौकटीच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष ठेवू. तिकडून पिट्सबर्ग स्टीलर्सचा हाइन्स वॉर्ड उलट दिशेने येतो आणि रिव्हर्सची मान वळण्याच्या आत त्याच्या जबड्यावर आदळतो. तारीख 19 ऑक्टोबर 2008. रिव्हर्सचा जबडा मोडला आणि व्यावसायिक खेळातला त्याचा पहिलाच मोसम तिथे संपला. नियमभंगाची खूण असलेला पंचांचा पिवळा रुमाल मैदानावर पडला नाही, कारण त्या दिवशीच्या नियमांप्रमाणे वॉर्डकडून कोणतीही चूक झाली नव्हती.

(दृश्य: टेक्सासमधील शाळेचे मैदान, दुपारचा सराव)

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी मैदानावर बावीस खेळाडू असतात आणि त्यांतील एकाच्याच हाती चेंडू असतो. उरलेल्यांपैकी चेंडूवाल्या संघाचे जवळजवळ सगळे जण एकच काम करत असतात, ते म्हणजे समोरच्यांना अंगाने अडवून चेंडूसाठी वाट मोकळी करण्याचे. या अडवण्याला ब्लॉक म्हणतात. चेंडू नसलेल्या माणसाला धडक देण्याची ही परवानगी या खेळाच्या मुळाशीच आहे आणि ती काढून घेतली तर हा खेळ उरणार नाही. म्हणून ब्लॉक असावा की नसावा, हा आमचा प्रश्न नाही. ज्याला धडक बसणार आहे त्याला ती येताना दिसावी आणि तिला हाताने तोंड देता यावे, एवढी तरी अट खेळाने पाळावी की नाही, हा प्रश्न आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला सात जण घेरतात आणि त्याचा घोटाही धरतात, पण तो त्यांच्याकडे तोंड करून आलेला असतो आणि कोण कुठे उभा आहे हे त्याला ठाऊक असते.

(दृश्य: स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स, जुनी छायाचित्रे आणि रेखाटने)

या प्रश्नाचे मूळ शोधायला आपल्याला 19 नोव्हेंबर 1892 या दिवसाकडे जावे लागते. स्प्रिंगफील्डच्या हॅम्पडेन पार्कवर हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांचा सामना सुरू होता. हार्वर्डच्या मदतीला बॉस्टनचे लॉरिन डेलँड नावाचे गृहस्थ आले होते. ते स्वतः कधी फुटबॉल खेळलेले नव्हते. त्यांचा व्यासंग बुद्धिबळाचा आणि नेपोलियनच्या युद्धतंत्राचा होता, आणि शत्रूच्या रांगेतील एकाच जागेवर सगळे बळ एकवटायचे हे तत्त्व त्यांनी त्या युद्धतंत्रातून उचलले. दुसरा डाव सुरू होताना हार्वर्डचे खेळाडू दोन गटांत विभागून चेंडूच्या बरेच मागे उभे राहिले. इशारा मिळताच दोन्ही गट तिरके धावत सुटले आणि भर वेगात एकमेकांना मिळून पाचरीच्या आकाराची एक भिंत झाली. त्या काळी सुरुवातीचा चेंडू पायाने नुसता स्पर्श करून स्वतःकडेच ठेवता येत असे, म्हणून चेंडू त्या भिंतीच्या आड सुरक्षित राहिला आणि भिंत येलच्या एका खेळाडूवर चालून गेली. आपल्यासमोरचे हे रेखाटन त्या रचनेचे आहे. उडती पाचर या नावाने ती ओळखली गेली. सामना येलने 6–0 असा जिंकला, तरीही पुढच्या मोसमात अनेक संघांनी तीच रचना उचलली.

या रचनेचा विचार करताना एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, ती ही की डेलँड यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. कोणाला मागून पाडले नव्हते, कोणाला गुद्दा मारला नव्हता. पळून वेग घेतलेली माणसे उभ्या असलेल्या माणसावर सोडायची, एवढेच त्यांनी केले, आणि तसे करू नये असे तोवर कोणी लिहून ठेवलेले नव्हते. 1894 मध्ये ते लिहिले गेले. सुरुवातीचा चेंडू किमान दहा यार्ड पुढे गेलाच पाहिजे असे ठरले आणि उडत्या पाचरीचा पाया निघून गेला. एकत्र लोटालोटीचे इतर प्रकार मात्र चालू राहिले. 9 ऑक्टोबर 1905 रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्या वर्षी हा खेळ खेळताना किमान 18 जण मरण पावले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि दोन्ही संघांच्या रांगांमध्ये मोकळी पट्टी आखली गेली.

(दृश्य: सराव सुरू. प्रशिक्षक गुडघ्यावर बसून मुलांना दाखवत आहेत)

आता पुन्हा आजच्या मैदानाकडे येऊ. प्रशिक्षक शिकवत आहेत त्या प्रकाराला कट ब्लॉक म्हणतात. लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेतला खेळाडू, पुढे पाऊल टाकतो, डोके समोरच्याच्या पलीकडच्या बाजूला काढतो आणि आपला खांदा त्याच्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, घालतो. समोरच्याचे पाय निघाले की तो पडतो. तो पडला नाही तरी स्वतःला सावरण्यासाठी त्याला हात खाली आणावे लागतात, आणि तेवढ्या क्षणात चेंडू त्याच्या शेजारून निघून जातो. जवळचा, झटपट पास द्यायचा असेल तेव्हाही हाच ब्लॉक वापरतात, कारण बचाव करणाऱ्याचे हात खाली असले की त्याला हवेतला चेंडू अडवता येत नाही. या बाजूचा मुलगा त्यावरचा उतारा शिकतो आहे. दोन्ही तळहात येणाऱ्याच्या खांद्यांवर टेकवायचे, त्याला जमिनीकडे दाबायचे आणि त्याच झटक्यात आपले पाय मागे फेकायचे. समोरून येणारा आणि डोळ्यांना दिसणारा कट ब्लॉक असा परतवता येतो. म्हणूनच या खेळातील अनेक जाणकार त्याला न्याय्य मानतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

त्यांचा दुसरा मुद्दा यापेक्षाही वजनदार आहे. कट ब्लॉक हे लहान चणीच्या माणसाचे हत्यार आहे, असे ते सांगतात. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांच्या अकादमींचे संघ वर्षानुवर्षे याच जोरावर मोठ्या विद्यापीठांसमोर उभे राहिले. तिथल्या विद्यार्थ्यांना पुढे लष्करी सेवा करायची असते, त्यामुळे दीडशे किलोचे लाइनमन त्यांना जमवता येत नाहीत. समोरच्याला रेटून मागे ढकलणे शक्य नसेल तर त्याचे पाय काढायचे आणि ट्रिपल ऑप्शन या पद्धतीने, म्हणजे चेंडू कोणी न्यायचा हे चाल सुरू झाल्यावर तीन पर्यायांतून ठरवून, तो कडेने पळवायचा, हे त्यांचे शास्त्र होते. ही दृश्ये त्यांच्याच सामन्यांची आहेत आणि त्यातली लय पाहताना डोळे तिथेच खिळतात. 2022 मध्ये महाविद्यालयीन नियमांनी कमरेखालचा ब्लॉक चेंडूभोवती धरल्या जाणाऱ्या मधल्या चौकटीपुरता आणि मोजक्या खेळाडूंपुरता मर्यादित केला, तेव्हा सर्वांत मोठी झळ या संघांना बसली. लष्कराच्या संघाने तर पुढच्या वर्षी आपल्या आक्रमणाची मांडणीच बदलली. त्यांच्याविषयी आदर असूनही आम्हाला असे वाटते की एका संघाचे वजन कमी आहे, या कारणाने दुसऱ्या संघातील मुलाचा गुडघा पणाला लावण्याचा अधिकार निर्माण होत नाही.

(दृश्य: डेन्व्हरच्या सामन्यांची फीत)

व्यावसायिक खेळात या ब्लॉकला कलेचे रूप दिले ते डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या लाइनचे प्रशिक्षक ॲलेक्स गिब्स यांनी. त्यांचे लाइनमन तुलनेने हलके आणि चपळ असत. सगळी रांग एका दिशेने सरकायची आणि चेंडूपासून दूर, मागच्या बाजूला राहिलेले लाइनमन आपल्यासमोरच्या बचावपटूंचे पाय काढायचे. पाठलाग करणारे असे जमिनीवर आले की धावणाऱ्याला एकाच वळणात मागची मोकळी जागा सापडायची. 1998 च्या मोसमात टेरेल डेव्हिसने एकूण 2,008 यार्डांची धाव घेतली ती याच रांगेमागून. फितीतली प्रत्येक चाल काळजीपूर्वक पाहिली तर दिसते की धावणारा वळतो तेव्हा मागे दोन-तीन माणसे आडवी पडलेली असतात आणि कॅमेरा त्यांना सोडून पुढे निघून गेलेला असतो. 25 ऑक्टोबर 2004 च्या रात्री सिनसिनाटीच्या टोनी विल्यम्सचा घोटा अशाच एका कट ब्लॉकखाली मोडला. तोवर गिब्स डेन्व्हर सोडून गेले होते, पद्धत मात्र तीच राहिली होती.

याच घराण्यातला चॉप ब्लॉक अधिक घातक आहे. त्यात एक खेळाडू बचाव करणाऱ्याला छातीशी भिडून त्याचे दोन्ही हात गुंतवून ठेवतो आणि दुसरा त्याच वेळी त्याच्या पायांवर येतो. मघाशी त्या मुलाने जो उतारा शिकला तो इथे निरुपयोगी ठरतो, कारण तळहात टेकवायला हातच मोकळे नसतात. पाय जमिनीत रोवलेला असतो, बुटाचे खिळे गवतात रुतलेले असतात आणि बाजूने आलेले वजन गुडघ्याच्या सांध्यावर पडते. धावण्याच्या चालींमध्ये या प्रकाराचे काही नमुने व्यावसायिक नियमांत 2016 पर्यंत वैध होते. त्या वर्षी ते सर्व बंद झाले.

(दृश्य: टँपा, 24 नोव्हेंबर 2002)

हा प्रसंग पाहताना पुन्हा चेंडूकडे दुर्लक्ष करावे लागेल. टँपा बे बकनिअर्सने ग्रीन बे पॅकर्सचा पास मध्येच पकडला आहे आणि चेंडू उलट दिशेने चालला आहे. पॅकर्सचा लाइनमन चॅड क्लिफ्टन त्या धावपळीपासून बराच दूर आहे. त्याच्याकडे येणारा वॉरन सॅप हा त्या काळातील सर्वांत ताकदवान बचावपटूंपैकी एक. धडक बसते, क्लिफ्टन पडतो आणि उठत नाही. या वेळीही रुमाल पडला नाही. ओटीपोटाच्या हाडांच्या जोडावरील इजेमुळे क्लिफ्टनला बरेच दिवस रुग्णालयात राहावे लागले. सामना संपल्यावरची ही फीत मात्र पूर्ण पाहावी. पॅकर्सचे प्रशिक्षक माइक शर्मन हस्तांदोलनाच्या गर्दीतून वाट काढत सॅपपर्यंत पोहोचतात, दोघे समोरासमोर येतात आणि भोवतालची माणसे थबकतात. शर्मन यांच्याजवळ त्या क्षणी दाखवायला एकही कलम नव्हते.

ती कलमे पुढे एकेक करून आली. रिव्हर्सचा जबडा मोडल्यानंतर, 2009 मध्ये, नजरेआडून येणाऱ्या ब्लॉकमध्ये हेल्मेट, बाहू किंवा खांद्याने डोक्यावर आणि मानेवर आघात करण्यास मनाई झाली. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनच्या ब्रायन कुशिंगच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. ज्या ब्लॉकमुळे तो फाटला, तो स्वतःच्या गोलरेषेकडे वळून खालून घातलेला पील-बॅक ब्लॉक होता. पुढच्या वर्षी तो मधल्या चौकटीतही बंद झाला. डोके वगळून नजरेआडून दिलेली जोरदार धडक मात्र 2019 पर्यंत चालू राहिली आणि त्यानंतर तिला पंधरा यार्डांचा दंड लागू झाला. 2021 मध्ये रांगेच्या दोन्ही टोकांपलीकडे कमरेखालच्या ब्लॉकला बंदी आली. 2009 च्या नियमाला लोक हाइन्स वॉर्ड नियम म्हणतात. ज्याचा जबडा मोडला त्याचे नाव त्या नियमाला मिळाले नाही, आणि ही गोष्ट आम्हाला दर वेळी खटकते.

वॉर्डवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे की पास झेलण्याच्या त्याच्या जागेवर खेळणारे बहुतेक जण ब्लॉक करायचे टाळतात. तो टाळत नसे, आणि रिव्हर्सपेक्षा वजनाने बराच कमी असूनही तो त्याला भिडला. त्याचे धैर्य खरे होते. पण समोरच्याला न दिसता गाठणे ही त्या धैर्याची गरज नव्हती. 2019 नंतरचे खेळाडू अशा वेळी वाटेत उभे राहतात, तळहात पुढे करतात आणि समोरच्याला फक्त थांबवतात. चेंडू तरीही पुढे जातो. ही अलीकडची दृश्ये तेच दाखवतात.

(दृश्य: शुक्रवारची संध्याकाळ, दिवे लागलेले मैदान, भरलेली प्रेक्षागृहे)

टेक्सासमधील शाळा महाविद्यालयीन नियमांवर आधारित खेळतात. त्यामुळे विद्यापीठातील वीस-बावीस वर्षांच्या तरुणांना मधल्या चौकटीत जी मुभा आहे तीच इथल्या पंधरा वर्षांच्या लाइनमनलाही आहे. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को आणि प्लेनो या शहरांत आज अनेक मराठी कुटुंबे राहतात, त्यांची मुले अशाच शाळांत जातात, आणि शुक्रवारच्या सामन्याला बँडमध्ये, प्रेक्षकांत, क्वचित मैदानावरही दिसतात. संमतीपत्रावर सही करणाऱ्या आईवडिलांना कट ब्लॉक हा शब्द माहीत असेलच असे नाही. शालेय पातळीवर कमरेखालचा ब्लॉक सर्वत्र, चौकटीच्या आतही, बंद करावा असे आमचे स्पष्ट मत आहे. मोठ्यांच्या खेळात त्याची जागा काय असावी यावर वाद होऊ शकतो, कारण तिथे दोन्ही बाजूंना तो परतवण्याचे शिक्षण आणि मोबदला मिळतो. इथे दुपारच्या सरावाची वीस मिनिटे मिळतात.

पंचांच्या नजरेसमोर असलेली ही चौकट मैदानावर कुठेही आखलेली नसते. प्रत्येक चालीला चेंडू जिथे ठेवला जाईल तिथे ती मनाने धरायची असते. दुपारी सराव करणारा मुलगा आता रांगेत बसला आहे. त्याचे तळहात उघडे आहेत आणि डोळे समोरच्याच्या खांद्यावर आहेत. त्याच्या डाव्या हाताला दुसरा लाइनमन आहे, आणि हेल्मेटच्या जाळीतून तिकडचे त्याला फारसे दिसत नाही.

(दृश्य: चेंडू मागे दिला जातो. पुढे फक्त मैदानाचा आवाज.)