चार बोटांचं अंतर

नमस्कार, श्रोतेहो.

बॉक्सिंगच्या जगात वजनकाट्याला फार मान आहे. खालच्या गटांत एका गटातून वरच्या गटात जायला सव्वा-दीड किलोंचा फरक पुरतो. विजेतेपदाच्या लढतीआधी आव्हानवीर काट्यावर पाव किलो जास्त भरला, तर त्याने सामना जिंकूनही पट्टा त्याला मिळत नाही. तेवढं पाव किलो उतरवायला माणसं पाणी तोडतात, अंगात जाड कपडे घालून घाम गाळतात. दोघांच्या ठोशांत आणि ठोसा सोसण्याच्या ताकदीत तफावत पडू नये, म्हणून ही सगळी काटेकोर मोजमापं.

आणि मग येतो हेवीवेट गट. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये इथे खालची मर्यादा २०० पौंडांची, म्हणजे जवळजवळ ९१ किलो. वरची मर्यादाच नाही. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरात रशियाचा निकोलाय वालुएव आणि इंग्लंडचा डेव्हिड हेय समोरासमोर आले. वालुएव सात फुटी, वजन १४३ किलो. हेय ९९ किलोंच्याही किंचित आत. फरक ४४ किलोंचा! सगळ्यात हलक्या गटातला अख्खा बॉक्सर जवळजवळ तेवढ्याच वजनाचा असतो. आणि बारा फेऱ्यांनंतर पंचांनी कौल दिला तो हेयच्या बाजूने. सामना रंगतदार झाला असं मी म्हणणार नाही. हेय सतत फिरत राहिला, मोजके ठोसे मारून बाजूला होत गेला. पण वजनाचे एवढे नियम ज्यासाठी केले, त्यावरच त्या रात्री प्रश्नचिन्ह लागलं. मग वजन ही गोष्ट आहे तरी काय? आणि कौशल्य तिच्यापुढे किती टिकतं?

या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर माझ्या मते युक्रेनच्या ऑलेक्झांडर उसिकने दिलंय. १८ मे २०२४ च्या रात्री, सौदी अरेबियातल्या रियाध शहरात. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट व्हायची होती. मी गजर लावून उठलो होतो.

समोर होता इंग्लंडचा टायसन फ्युरी. उंची सहा फूट नऊ इंच, वजन जवळजवळ ११९ किलो. उसिक सहा फूट तीन इंच, १०१ किलो. उसिक मुळात हेवीवेट नव्हेच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवलं ते ९१ किलोंच्या गटात. पुढे व्यावसायिक झाल्यावर हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटात चारही जागतिक संघटनांचे पट्टे जिंकले आणि मगच तो वर चढला.

आता जरा घरच्या घरी एक माप घेऊ. बॉक्सिंगमध्ये हाताचा पल्ला मोजतात, तो दोन्ही हात आडवे पसरून, या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत. फ्युरीचा पल्ला ८५ इंच, उसिकचा ७८. फरक सात इंचांचा. पण सात इंच हे दोन्ही हात मिळून. एका हाताच्या वाट्याला येतात साडेतीन. तुमच्या हाताची चार बोटं जोडून धरा. त्या चार बोटांची जी रुंदी, तिच्याहून थोडंसंच जास्त. फ्युरी उसिकला मारू शकतो आणि उसिकचा ठोसा मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही, अशी जी पट्टी दोघांच्या मध्ये आहे, ती एवढीच. लहान चणीच्या बॉक्सरचं सगळं आयुष्य ही चार बोटांची पट्टी ओलांडण्यात जातं. तिथे उभं राहायचं नाही. एक तर तिच्या पलीकडे, ठोशाच्या टप्प्याबाहेर राहायचं, नाहीतर तिच्या आत घुसायचं. मध्ये थांबलात, तर मार खाल.

हे मला कळलं ते नाकावर ठोसे खाऊन. तरुणपणी काही वर्षं मी हौशी बॉक्सिंग केलं. उंचीने मी बेताचाच. आमची तालीम एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये चाले, खाली शहाबादी फरशी. माझ्याहून वीतभर उंच मुलासमोर सरांनी मला उभं केलं, की तो डावा हात नुसता लांब करायचा आणि माझं डोकं मागे जायचं. मी घाबरून सरळ मागे सरायचो. तो एक पाऊल पुढे येऊन पुन्हा तोच हात लावायचा. सरांनी एके दिवशी खडू घेतला, माझ्या टाचांपासून मागे एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, या रेघेवर पाय पडला, की समज मार खाल्लास. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना तिरके फराटे ओढले. इकडे जायचं, नाहीतर इकडे. त्या दिवशी हाताने एकही ठोसा मारायचा नव्हता. तासभर नुसते पाय. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला.

म्हणून लोक जेव्हा कौशल्य म्हणतात आणि त्यांना हातांची चपळाई दिसते, तेव्हा मला वाटतं, अरे, जरा खाली बघा. क्रिकेटच्या समालोचनात आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, पदलालित्य. हेवीवेटमध्ये लहान माणसाचं निम्म्याहून जास्त कौशल्य ते आहे.

उसिक डावखुरा आहे. म्हणजे तो उजवा पाय आणि उजवा हात पुढे ठेवून उभा राहतो. समोरचा उजवा असेल, तर त्याचा डावा पाय पुढे असतो. दोघांचे पुढचे पाय एकमेकांना भिडतात. कोणाला सोबत घेऊन असे उभे राहून बघा. ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला पडतो, त्याचा मागचा हात सरळ रेषेत समोरच्याच्या हनुवटीवर जातो. आणि समोरच्याला मात्र आधी अंग वळवावं लागतं. ही सगळी ओढाताण वीतभर जागेसाठी असते. उसिक ती जागा सतत मागत राहतो. हूल देतो, खांदा हलवतो, पोटाकडे उजवा हात टाकतो, पुन्हा अर्धं पाऊल बाहेर. खो-खोत चांगला धावणारा खांबाजवळ हूल देऊन पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेला नेतो ना, तसंच. हूल खरी नसते, पण तिला उत्तर देताना समोरच्याचा दम खराच खर्च होतो.

इथे वजनाचा दुसरा हिशेब सुरू होतो. ११९ किलोंचं शरीर प्रत्येक हुलीला वळवायचं, थांबवायचं, पुन्हा वळवायचं. तीन मिनिटांची एक फेरी, अशा बारा. ३६ मिनिटं. जे वजन पहिल्या फेरीत शस्त्र असतं, ते दहाव्या फेरीत ओझं होऊ शकतं, अट एकच, लहान माणसाने तोवर उभं राहायला हवं. गायनात आपण दमसास म्हणतो, तो शब्द इथेही चपखल बसतो.

पण ती रात्र सोपी गेली नाही, आणि तेच मला सांगायचंय. उसिकने सुरुवात छान केली. मग चौथ्या फेरीपासून फ्युरीला अंतर सापडलं. पोटावरचे ठोसे, खालून वर येणारे अपरकट. उसिकच्या बरगड्यांवर बसणारे ते ठोसे पाहताना मी खरंच हताश झालो होतो. मोठा माणूस जेव्हा आपला मोठेपणा नीट वापरतो, तेव्हा लहान माणसाला पळायला रिंगचे चार कोपरेच उरतात. आठव्या फेरीत उसिक परतला. नवव्या फेरीत त्याचा डावा हात बसला आणि फ्युरीचे पाय लटपटले. एवढा अवाढव्य माणूस एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर झोकांड्या खात गेला. तो खाली पडला नाही, दोऱ्यांनी त्याला धरलं. नियम असा, की दोऱ्यांनी धरलं नसतं तर पडला असता, असं रेफरीला वाटलं तर तो पडला असंच मानून आकडे मोजायचे. रेफरीने आकडे मोजले.

निकाल लागला तेव्हा दोन पंच उसिककडे, एक फ्युरीकडे. ११५-११२, ११४-११३, आणि तिसऱ्याच्या हिशेबाने ११४-११३ फ्युरी. ते आकडे मोजल्यामुळे गेलेला एक गुण फ्युरीला परत दिला, तर सामना बरोबरीत सुटतो. चार पट्ट्यांचा पहिला निर्विवाद हेवीवेट विजेता एका गुणाने ठरला. कौशल्याने वजनाला सहज लोळवलं असं कोणी सांगितलं, तर मी त्याला ती मधली चार फेऱ्यांची चित्रफीत दाखवीन.

बॉक्सिंगवाल्यांत एक जुनं म्हणणं आहे, की चांगला मोठा माणूस चांगल्या लहान माणसाला हरवतोच. याचा दाखला म्हणून १९९२ ची लास व्हेगासमधली लढत सांगतात. इव्हँडर होलीफिल्डही उसिकसारखाच खालच्या गटातून वर आलेला, वजन ९३ किलो. समोर रिडिक बो, १०६ किलोंच्या वर. होलीफिल्डचं काळीज वाघाचं, आणि तेच त्याला नडलं. तो बोसमोर उभा राहून ठोशाला ठोसा देत राहिला. दहावी फेरी तर बॉक्सिंगच्या इतिहासात अमर झाली. पण तसं उभं राहून तेरा किलोंचा फरक मिटत नाही. अकराव्या फेरीत तो खाली गेला, आणि शेवटी पंचांच्या कौलाने पट्टाही गेला.

पुढच्या वर्षी परतीची लढत. आता होलीफिल्डच्या कोपऱ्यात डेट्रॉइटचे प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड होते. दोघंही आधीपेक्षा जड झालेले, वजनातला फरक जवळजवळ तेवढाच. बदलले ते पाय. मारायचं आणि निघायचं, मारायचं आणि निघायचं. होलीफिल्ड जिंकला. (त्याच सामन्यात सातव्या फेरीत एक जण पॅराशूटने थेट रिंगच्या दोऱ्यांवर येऊन आदळला आणि खेळ वीसेक मिनिटं थांबला, पण ती गोष्ट वेगळी.)

या स्टुअर्डबद्दल मला फार आदर आहे. कारण हाच माणूस पुढे मोठ्या चणीच्या बॉक्सरांनाही शिकवत होता. युक्रेनचा साडेसहा फुटी व्लादिमिर क्लिच्को हरून खचला होता, तेव्हा त्यांनी त्याला हाताशी धरलं. डावा हात खांबासारखा पुढे ठेव. समोरचा आत घुसला, तर त्याला मिठी मार आणि सगळा भार त्याच्या मानेवर टाक. मोठ्या माणसाचं रेलणं हे दिसायला कुरूप असतं, प्रेक्षक शिट्ट्या घालतात. पण १०० किलोंहून जास्त भार मानेवर घेऊन पाच मिनिटं काढून बघा, पाय कसे शिशाचे होतात ते कळेल. क्लिच्कोने नऊ वर्षांहून जास्त काळ राज्य केलं. २०१५ मध्ये त्याला हरवलं ते फ्युरीनेच, म्हणजे त्याच्याहूनही उंच, आणि उंच असून हलत्या पायांच्या माणसाने. फ्युरीने २०२० मध्ये डिऑन्टे वाइल्डरला सातव्या फेरीत संपवलं, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात याच स्टुअर्डचा भाचा होता.

म्हणजे मोठेपणही शिकावं लागतं. आणि कोणी शिकवलंच नाही तर काय होतं, हे इटलीच्या प्रिमो कार्नेराकडे पाहिलं की कळतं. गरीब घरातला साडेसहा फुटी मुलगा, आधी सर्कशीत अचाट अंगाचा माणूस म्हणून उभा केलेला. त्या अंगाकडे पाहूनच त्याला रिंगमध्ये आणलं. १९३३ मध्ये तो विश्वविजेताही झाला. पण भोवतीच्या लोकांना त्याच्या आकाराची तिकिटं विकायची होती, त्याला बॉक्सिंग शिकवायची घाई कोणालाच नव्हती. १९३४ मध्ये मॅक्स बेअरने त्याला पुन्हा पुन्हा खाली पाडलं आणि तो पुन्हा पुन्हा उठत राहिला. वर्षभराने जो लुईने, जवळजवळ ३० किलोंनी हलक्या तरुणाने, सहाव्या फेरीत त्याला थांबवलं. मिळालेला पैसा बहुतेक व्यवस्थापकांच्या खिशात गेला. मला कार्नेराचा कधीच राग येत नाही. धट्टाकट्टा मुलगा दिसला, की याला काय शिकवायचं, हा एका फटक्यात लोळवेल, असं म्हणणारे पालक आणि प्रशिक्षक आजही भेटतात. ते त्या मुलाशी दुष्टपणा करतायत.

डिसेंबर २०२४ मध्ये रियाधलाच परतीचा सामना झाला. फ्युरीने या वेळी वजन वाढवलं. काट्यावर १२७ किलो. उसिक १०२. दोघांमध्ये आता पंचवीस किलोंचं धान्याचं पोतं. फ्युरीचा विचार उघड होता, भार टाकायचा आणि दमवायचा. उसिक तेव्हा अडतिशीला टेकलेला. तरी तिन्ही पंचांचा कौल एकच आला, ११६-११२, उसिक.

या लढतींच्या चित्रफिती तुम्हाला सहज मिळतील. पाहाल तेव्हा एक करा. वर्तमानपत्राची घडी घ्या आणि पडद्याचा वरचा अर्धा भाग झाका. चेहरे नकोत, ठोसे नकोत. फक्त चार पाय बघा. दोन मोठे, दोन त्यांच्या मानाने लहान. कुठले पाय तिरके निघतायत आणि कुठले रेघेवरून सरळ मागे जातायत, ते मोजा. मग घडी काढा आणि गुणफलक बघा.

नमस्कार.