पिळली की गाडी दम का सोडते?

मंडळी, गॅरेजमध्ये येणारा माणूस 'मिक्श्चर लीन झालंय', म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, 'हळूहळू रेस दिली की मस्त पळते, एकदम पिळली की मरते.' हे ऐकलं की आपल्याकडे पहिला हात जातो कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, एअर स्क्रूला. तो स्क्रू आयडलिंगचा, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असतं तेव्हाचा. थ्रॉटल, म्हणजे रेस दिली की उघडणारी हवेची झडप, पाव उघडला की पुढे त्याला कोणी विचारत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला एकच विचारा: पिळल्यावर लगेच मरते, की चार-सहा सेकंद नीट ओढून मग मरते?

लगेच मरत असेल तर बिघाड कार्बोरेटरच्या तोंडाशी आहे. थ्रॉटल एकदम उघडला की हवा तत्काळ आत घुसते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं. शिवाय मॅनिफोल्डमधला, म्हणजे कार्बोरेटरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतला, व्हॅक्यूम कमी होतो, त्यामुळे पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतींना चिकटून बसतं. इंजिनाला क्षणभर नुसतीच हवा मिळते. मारुती ८०० किंवा पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत ही तूट भरायला ॲक्सिलरेटर पंप असतो. तो तपासणं अगदी सोपं. इंजिन बंद ठेवा, एअर क्लीनर काढा, वरून घशात बघत लिंकेज हाताने ओढा. लिंकेज हललं त्याच क्षणी पेट्रोलची बारीक, सलग धार दिसली पाहिजे. धार उशिरा आली, किंवा नुसतेच थेंब पडले, तर पंपाचा डायफ्राम फाटलाय नाहीतर आतली गोळी अडकलीय. साध्या स्लाइडच्या मोटरसायकलला पंप नसतो. तिथे निडलची, म्हणजे स्लाइडला लावलेल्या, पेट्रोल मोजणाऱ्या सुईची, क्लिप एक खाच खाली घालून निडल वर घ्यायची आणि फरक बघायचा.

आता दुसरा प्रकार, ज्यात लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. गाडी जोरात निघते, तिसऱ्या-चौथ्या गिअरला फुल्ल थ्रॉटलवर काही सेकंद ओढते आणि मग दम सोडते. थ्रॉटल थोडा कमी केला की उलट उचल घेते. इथे बिचाऱ्या जेटचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाचा, बहुतेक वेळा दोष नसतो. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या छोट्या साठ्यात, पेट्रोल असतंच थोडं, ते संपतंय त्या वेगाने वरून येत नाही. मोटरसायकल असेल तर पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरपासून सोडवा, टोक त्याच उंचीवर धरून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. टाकीचं झाकण मात्र बंद ठेवा, हे महत्त्वाचं. धार सुरुवातीला जोरात येऊन हळूहळू बारीक झाली आणि झाकण उघडताच पुन्हा मोकळी झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पाच पैशांचं काम, पण त्यापायी पूर्ण कार्बोरेटर बदललेली गाडी गॅरेजवाल्यांना नवीन नाही. झाकण उघडूनही धार बारीकच असेल तर कॉकची जाळी आणि फिल्टर बघा, मग फ्लोटची लेव्हल. इतकं सगळं ठीक निघालं, तरच मेन जेटकडे वळा.

लीन आहे याची खात्री कशी करायची? मोकळ्या रस्त्यावर, लोडवर, गाडी दम सोडत असतानाच चोक किंचित ओढा; तो मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. सुधारली तर लीन. आणखी बिघडली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. काहीच फरक पडला नाही तर स्पार्क बघा, कारण लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि अशक्त कॉइल नेमकी तिथेच हात टेकते.

मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढते का हे सगळे आधी तपासतात. तपासावंच, पण ती गळती आयडलिंगला जास्त छळते. फुल्ल थ्रॉटलला इतकी हवा आत जात असते की त्या फटीची हवा त्यात हरवून जाते.

आणि घाटाबद्दल. 'वर हवा विरळ, म्हणून लीन होते' हे अगदी उलटं आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवा कमी आणि जेट तेच, त्यामुळे मिश्रण रिच होतं. आंबेनळी घाट चढताना लीनची लक्षणं दिसली तर कारण चढावरचा लोड आणि अपुरा पुरवठा.

खरा नवा पाहुणा आहे २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे इंजेक्शनवाली गाडी सांभाळून घेते, पण जुन्या जेटवर तुमची गाडी काही न करता सात-आठ टक्के लीन झाली. पुरवठा तपासूनही तक्रार राहिली तर मेन जेट एक पायरी मोठा टाका आणि पुन्हा चोकची चाचणी घ्या. जुन्या टू-स्ट्रोक जावा, येझदी, चेतक यांवर मात्र ही चाचणी लांबवू नका. त्यांचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं, पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. आवाज बदलला की आधी क्लच दाबा.