किडनी दुखत नाही, म्हणून मोजायची

नमस्कार. मी किडनीची डॉक्टर. कॅन्सरवरच्या व्याख्यानाला किडनीवाली बाई कशाला बोलावली, असं इथे बसलेल्या काहींना वाटलं असेल. पण माझ्या ओपीडीत कॅन्सर विभागाकडून चिठ्ठी घेऊन कुणी ना कुणी येतच असतं. चिठ्ठीत एकच ओळ असते: 'क्रिएटिनिन वाढलं आहे, केमो तूर्त थांबवली आहे.' क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. किडनीचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो. मागे उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो, आता हे आणखी काय नवीन?

अशाच एका जोडप्यापासून सुरुवात करते. गृहस्थ चोपन्न वर्षांचे, शेतकरी. तंबाखूनं गालाचा कॅन्सर झालेला, ऑपरेशन झालेलं, आता रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन नावाचं केमोचं औषध चालू. दुसरा डोस झाल्यावर पाचव्या दिवशी आले ते ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. तीन दिवस उलट्या. तोंडात फोड, त्यामुळे पाण्याचा घोटही झोंबत होता. दुखतं म्हणून गावातल्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून दिवसाला दोन चालू होत्या. बीपीची गोळी रोजच्यासारखी सकाळी जातच होती, आणि तिच्यात लघवी वाढवणारं औषधही होतं. केमोआधी क्रिएटिनिन ०.९ होतं, त्या दिवशी ३.१ आलं.

त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "लघवी कमी झालीय हे दिसत होतं हो डॉक्टर, पण ते सांगायचं असतं हे कुठं माहीत होतं?"

हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. चूक त्यांची नव्हती. सांगायला हवं होतं ते आम्ही. आज मी इथे आले ती त्याच एका गोष्टीसाठी. दात दुखतो, पोट दुखतं, छातीत दुखलं तर माणूस रात्री दोन वाजता रिक्षा काढतो. औषधानं किडनी खराब होते तेव्हा काहीच दुखत नाही. म्हणून ती मोजावी लागते, आणि ते मोजणं बरंचसं घरी होतं.

सिस्प्लॅटिनबद्दल थोडं सांगते, कारण आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमुळे ते फार वापरलं जातं. १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंच्या द्रावणातून वीज सोडून बघत होते. जिवाणूंची वाढ चालू राहिली, पण ते दोनाचे चार होईनात, नुसते लांब लांब होत गेले. शोधता शोधता कळलं की हे काम विजेचं नाही, विजेसाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांचं आहे. त्यातून हे औषध निघालं आणि १९७८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काळात ते किडनीला इतकं जड जाई की पुढे वापरायचं की नाही, हाच प्रश्न पडला होता. ते टिकलं ते सलाइनमुळे. किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशी हे औषध रक्तातून आपल्याकडे ओढून घेतात, त्यामुळे रक्तात असतं त्याच्या कित्येक पट ते तिथे साठतं. आधी आणि नंतर भरपूर सलाइन दिलं की ते साठून न राहता लघवीतून पुढे जातं. त्याच पेशी दुखावल्या की मॅग्नेशियमही लघवीवाटे निघून जातं, म्हणून बाटलीत मॅग्नेशियम घालतात.

हे एवढं सांगायचं कारण, डे-केअरमध्ये मी रोज ऐकते, "सिस्टर, शेवटची बाटली जरा जोरात सोडा, पाचची एसटी चुकेल." आपल्याकडे सलाइन म्हणजे अशक्तपणावरची ताकद, असा समज आहे. ही बाटली ताकदीची नाही. ही तुमच्या उपचाराचाच भाग आहे. एसटी चुकू द्या. राहायची सोय आधी विचारून ठेवा, पण बाटली पुरी होऊ द्या.

आता क्रिएटिनिन. हा आकडा येतो स्नायूंमधून. स्नायू रोज थोडं क्रिएटिनिन रक्तात सोडतात आणि किडनी ते बाहेर टाकते. ज्याचं वजन सहा महिन्यांत बारा किलोंनी उतरलं, त्याचे स्नायूच कमी, म्हणून त्याचा आकडा मुळातच कमी दिसतो. रिपोर्टवर ठळक अक्षर नाही, म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. ०.६ चा १.१ झाला तर लॅबच्या हिशेबानं तो 'नॉर्मल'च असतो, माझ्या हिशेबानं मात्र किडनीचं काम जवळजवळ निम्म्यावर आलेलं असू शकतं. म्हणून जुने रिपोर्ट टाकू नका. तारखेवार लावा, आणि डॉक्टरांना विचारा, "मागच्या वेळेपेक्षा किती वाढलं?" हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही.

घरी काय मोजायचं? पाणी, लघवी आणि वजन. एक तांब्या घ्या, मापाच्या भांड्यानं त्यात किती मावतं ते एकदा बघून ठेवा, आणि दिवसभर रुग्णाला त्याच तांब्यातलं पाणी द्या. किती प्यायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. हृदयाचा त्रास असेल, पायावर सूज असेल तर ते प्रमाण बदलतं. लघवीसाठी खुणा असलेला प्लास्टिकचा जार मेडिकलमध्ये मिळतो. दिवसभराची मिळून अर्ध्या लिटरपेक्षा कमी भरली, किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर उद्याची वाट बघू नका. वजन सकाळी, चहाच्या आधी. दोन दिवसांत दोन किलो उतरलं तर ते अंगातलं पाणी गेलं, आणि दोन किलो चढलं तर पाणी साचलं. उलट्या-जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी फोन करून विचारा, बीपीची आणि मधुमेहाची गोळी चालू ठेवायची का? स्वतःहून बंदही करू नका आणि न विचारता चालूही ठेवू नका.

दुखण्याच्या गोळ्यांवर मी जरा थांबून बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच पाहते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक. यातली कितीतरी पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतात. तुम्ही "तापाची साधी गोळी" म्हणून घेता आणि पोटात दोन औषधं जातात. एरवी धडधाकट माणसाला एखाद-दुसरी चालून जाते. पण उलट्यांनी अंग सुकलेलं असताना किडनीचा रक्तपुरवठा आधीच काठावर आलेला असतो, आणि ही गोळी तोच आवळते. दुकानात गेलात की पट्टीच्या मागचं नाव वाचून घ्या किंवा फोटो काढून आम्हाला पाठवा. आणि दुखणं सोसत बसा, असं मी मुळीच म्हणत नाही. कॅन्सरचं दुखणं थांबवायला ट्रॅमाडॉल आहे, मॉर्फिन आहे. किडनीनुसार त्यांचा डोस ठरवता येतो.

मायलोमा नावाचा हाडांतल्या मगजाचा कॅन्सर आहे, त्यात तर हे जिवावरच बेततं. माणसाची कंबर महिनोन् महिने दुखते, गावातले डॉक्टर सुई देतात, गोळ्या देतात. इकडे त्या कॅन्सरमधून निघणारं प्रथिन किडनीच्या नळ्यांमध्ये गोठत असतं. त्यावर ह्या गोळ्या. तो माणूस माझ्याकडे पोचतो तोवर थेट डायलिसिसची वेळ आलेली असते. साठीच्या पुढचं माणूस, न थांबणारी कंबरदुखी आणि कमी हिमोग्लोबिन एकत्र दिसलं, तर तपासणी मागून घ्या.

शहाळं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो, आणि त्यामागची माया मला कळते. किडनी ठीक असेल तर खुशाल द्या. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर नको. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. ते बाहेर गेलं नाही तर हृदयाची लय बिघडते, तीही न सांगता. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ विकतात त्यातही पोटॅशियमच असतं. पण म्हणून घरच्यांनी आपल्या मनानं डाळ, अंडी, दूध सगळं बंद करून टाकावं, हेही चूक. केमोच्या काळात वजन उतरणं धोक्याचं. काय कमी करायचं ते आहारतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवून ठरवा. भस्मं आणि काढे कुणी देत असेल तर बाटली घेऊन या. मी रागावणार नाही. काही भस्मांमध्ये शिसं-पारा असतो, म्हणून मला ते कळायला हवं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल बोलताना मला त्रास होतो. तिथे किडनीचं नुकसान औषधानं नाही, गाठीनं होतं. गाठ वाढून लघवीच्या नळ्या दाबते, वर किडनी फुगते. मग वाट उघडी ठेवायला आत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकावी लागते, नाहीतर पाठीतून नळी काढून पिशवी लावावी लागते. ती पिशवी पदराखाली लपवून बाया बसमध्ये उभ्यानं प्रवास करतात, कुणी विचारू नये म्हणून. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये तो जगापुढे आला. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो विषाणू. त्याच्या एकदाच केलेल्या तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. आपल्याच मातीत मिळालेलं हे ज्ञान आहे, आणि आपल्याच बाया अजून पिशवी घेऊन येतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईनं ही तपासणी मागावी.

लोक दोन गोष्टींना फार घाबरतात. पहिली, "औषध बदललं, म्हणजे हलकं दिलं." सिस्प्लॅटिनऐवजी पुष्कळदा कार्बोप्लॅटिन देतात. त्याचा डोस तर किडनी किती गाळते यावरूनच काढतात, आणि ते हिशेबानं दिलेलं औषध असतं. काही कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिन सरस ठरतं, म्हणून ते सहजासहजी बदलत नाहीत. का बदललं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दुसरी भीती, "डायलिसिस एकदा लागलं की कायमचं." अचानक बिघडलेल्या किडनीला ते पुष्कळदा काही दिवस किंवा आठवडे लागतं आणि सुटतं. सगळ्यांचं सुटतं, असं मी म्हणणार नाही.

त्या गृहस्थांना डायलिसिस लागलं नाही. सलाइन दिलं, दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, बीपीची गोळी थांबवली. तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.४ वर आलं. ०.९ वर परत गेलं नाही. सिस्प्लॅटिनचा तिसरा डोस दिला नाही, रेडिएशन मात्र पूर्ण झालं.

पुढच्या भेटीला त्यांच्या पत्नी भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून घेऊन आल्या. प्रत्येक तारखेच्या चौकोनात वर दुधाचा हिशेब, एक लिटर, दीड लिटर. त्याखाली पेन्सिलीनं पाण्याचे तांबे, उभ्या रेघा मारून. त्याखाली लघवीचा आकडा. एका गुरुवारी रेघा दोनच होत्या आणि शेजारी लिहिलं होतं, 'फोन केला'. त्या फोनमुळे त्यांना त्याच दुपारी सलाइन लागलं होतं. मी त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि कॅलेंडर त्यांना परत दिलं. दुधाचा महिना अजून संपायचा होता.