संत्र्यांची खोली आणि वीस मीटर वायर

नागपूर. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंश. या जाड दारामागे काटोलकडच्या मृग बहाराची संत्री आहेत. त्यांना ६ ते ७ अंश लागतात आणि पॅनलवर ६.५ दिसतंय. तरी सालीवर हे तपकिरी खड्डे पडलेत बघा. फळाला थंडी बाधली आहे.

"सेन्सर दोनदा बदलला ना भाऊ, काहीच फरक नाही पडला," ऑपरेटर सांगतात.

सेन्सर चांगलाच आहे. प्लॅटिनमचा पीटी-१००. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम, पुढे दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमची वाढ. एवढीशी वाढ मोजायची, आणि मधे वीस मीटर तांब्याची वायर! अर्धा चौरस मिलिमीटरची ही वायर जाऊन-येऊन १.४ ओहम भरते. पॅनल तेही तापमानातच धरतं, साडेतीन अंश जास्त दाखवतं. ६.५ दिसतं तेव्हा खोली ३ अंशांवर गेलेली असते.

स्क्रू फिरवून आकडा जुळवता येतो. पण वायर पत्र्याखालून जाते. जानेवारीच्या पहाटे जुळवलेला आकडा मेच्या दुपारी, तांबं तापलं की, अर्ध्या अंशाने पुन्हा चुकतो.

चार तारा घेतल्या की हा प्रश्न मिटतो. दोन तारांतून ठरलेला करंट जातो, दोन फक्त व्होल्टेज वाचतात. वाचणाऱ्या तारांत करंट जवळजवळ नसतोच, त्यामुळे त्यांचा रोध मोजमापात येत नाही.

१ मिलिअँपिअर करंटला दर अंशामागे ०.३८५ मिलिव्होल्ट मिळतात. ३.३ व्होल्टच्या १२ बिट कन्व्हर्टरची (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) एक पायरीच ०.८ मिलिव्होल्टची, म्हणजे दोन अंशांची. म्हणून आधी सिग्नल मोठा करणारा अॅम्प्लिफायर. पुष्कळ जण इथे थेट २४ बिटांची चिप आणतात. वायरिंग तसंच ठेवून ती आणणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं मला ठामपणे वाटतं.

कारण ही वायर कॉम्प्रेसरच्या केबललाच बांधलेली आहे. मेन्सची, म्हणजे वीजपुरवठ्याची, गुणगुण तिच्यात शिरते. मेन्स ५०.१ हर्ट्झवर असेल आणि कन्व्हर्टर सेकंदाला १० वेळा वाचत असेल, तर आकड्यांत दहा सेकंदांची संथ लाट दिसते, अगदी तापमान वरखाली व्हावं तशी. मग सॉफ्टवेअरला खरी कुठली, खोटी कुठली ते कळत नाही. फिल्टर कन्व्हर्टरच्या आधीच हवा.

संध्याकाळ. नवी वायर पीळ घातलेली, केबलपासून हातभर दूर. तिच्यावरच्या धातूच्या आवरणाचं, म्हणजे शील्डचं, टोक फक्त पॅनलकडे अर्थ केलेलं. स्विच लावला जातो.

पॅनलवर २.९ उमटतं, आणि कॉम्प्रेसर आपोआप थांबतो.