क्रियापद शेवटी येतं

नमस्कार. एवढ्या पावसात, ठाण्यातल्या गोखले रोडच्या गर्दीतून वाट काढत तुम्ही आलात, आधी त्याबद्दल आभार. मागच्या रांगांत दहावीची मुलं दिसतायत, शेजारी त्यांचे आईबाबा, आणि इथे पुढे माझ्याच व्यवसायातली शिक्षक मंडळी. बरं वाटलं, कारण आजचा विषय तिघांचाही आहे. प्रश्नपत्रिकेत 'स्पष्ट करा', 'वर्णन करा', 'चर्चा करा' असं लिहिलेलं असतं, त्याचा नेमका अर्थ काय? संयोजकांनी पन्नास मिनिटं दिली आहेत आणि दहा क्रियापदांचा अर्थ सांगेन असं मी कबूल केलंय. पण त्याआधी एक गोष्ट सांगते. तीच सांगायला मी आले आहे.

शाळेचं नाव नको. नववीची सहामाही, विषय भूगोल. प्रश्न होता, 'खारफुटीचे महत्त्व स्पष्ट करा', गुण चार. वर्गात विटाव्याची एक मुलगी होती, खाडीकाठावर वाढलेली. तिने काय लिहावं? भरतीचं पाणी आत घुसतं तेव्हा तिवरांची मुळं त्याचा जोर कसा मोडतात, पाणी संथावलं की त्यातला गाळ खाली कसा बसतो, तो मुळांच्या जाळ्यात अडकून काठ कसा धरून ठेवतो, आणि तिवरं तोडली की तोच काठ कसा ढासळतो. पानभर. चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांची आकृतीसुद्धा काढली होती, कुणी न सांगता.

उत्तरसूचीत होतं: किनाऱ्याची धूप थांबते, माशांची पैदास होते, पक्ष्यांना आसरा मिळतो, लाटांपासून संरक्षण मिळते, प्रत्येकी एक गुण. तिने चारातला एकच मुद्दा लिहिला होता. मिळाला एक गुण. तिच्या पुढच्या बाकावरच्या मुलाने चार अर्ध्या ओळी लिहिल्या आणि चारांपैकी चार घेतले. त्याचंही काही चुकलं नव्हतं हो, त्याला सूची बरोबर कळली होती.

ती पेपर घेऊन माझ्याकडे आली. भांडायला नाही. म्हणाली, "बाई, माझं कुठे चुकलं तेवढं सांगा."

मला सांगता येईना. प्रश्नात 'स्पष्ट करा' होतं आणि सबंध वर्गात स्पष्ट करून दाखवलं होतं ते तिने एकटीने! सूचीला हवं होतं 'चार मुद्दे सांगा'. प्रश्न एका क्रियापदाचा, गुण दुसऱ्या क्रियापदाचे. पेपर मीच तपासला होता. सूची बाजूला ठेवून तिला तीन तरी गुण देणं माझ्या हातात होतं, आणि मी दिले नाहीत. याची खंत मला आजही आहे.

त्या आठवड्यात आम्ही शिक्षक बसलो होतो तेव्हा मी विचारलं, 'स्पष्ट करा' म्हटल्यावर तुम्हाला उत्तरात काय हवं असतं? चौघांची चार उत्तरं आली. एक म्हणाले, मुद्दे. दुसऱ्या म्हणाल्या, मुद्दा आणि त्याला उदाहरण. तिसरे म्हणाले, कारण. चौथ्या बाई प्रामाणिक होत्या, म्हणाल्या, "पाच गुणांचा प्रश्न हवा असला की आपण शेवटी 'स्पष्ट करा' लावतो." शिकवणारे चौघं, आणि एका शब्दावर एकमत नाही. मग तो शब्द चौदा वर्षांच्या मुलीने कसा ओळखायचा?

आता तुम्हा मुलांच्या बाजूने बघू. आपल्या भाषेची एक गंमत आहे. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला 'एक्स्प्लेन' हा शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच भेटतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'मसुंदा तलावाच्या सद्यःस्थितीचे…' एवढं वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर तलावपाळी उभी राहते, बोटी दिसतात, कौपिनेश्वर दिसतं, आणि पेन धावायला लागतं. पुढे 'वर्णन करा' आहे, 'मूल्यमापन करा' आहे की 'कारणे द्या', तिकडे लक्षच जात नाही. वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासून माझं मत झालंय की अभ्यास केलेल्या मुलांचे गुण जातात त्यातले बरेचसे या शेवटच्या दोन शब्दांत जातात. अभ्यास न केलेल्याला ही अडचणच नाही, त्याला थांबून विचार करावा लागतो. म्हणून आधी शेवटचे दोन शब्द वाचा, त्यांच्याखाली रेघ मारा, मग सुरुवातीला या.

शिक्षकांसाठी थोडं मागे जाते. बी.एड.ला आपण सगळ्यांनी पाठ टाचणं, म्हणजे तासाची लेखी आखणी, काढली. डावीकडे उद्दिष्टं, ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. समोर स्पष्टीकरणं, 'विद्यार्थी आठवतो, ओळखतो, फरक सांगतो, वर्गीकरण करतो'. रात्री जागून ती उतरवून काढली. हे आलं कुठून? अमेरिकेत १९४८ साली महाविद्यालयीन परीक्षकांची एक बैठक झाली. परीक्षकांची, हे लक्षात घ्या. विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित आहे यासाठी सगळ्यांची एक भाषा हवी, ही त्यांची गरज. त्यातून १९५६ साली शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या संपादनाखाली शैक्षणिक उद्दिष्टांचं ते प्रसिद्ध वर्गीकरण आलं, सहा पायऱ्यांचं. पुढच्याच वर्षी ब्लूम भारतात आले आणि परीक्षा सुधारणेच्या कार्यशाळा झाल्या. मग २००१ साली त्या वर्गीकरणाची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा पायऱ्यांची नामं जाऊन क्रियापदं आली: 'ज्ञान'च्या जागी 'आठवणे', 'आकलन'च्या जागी 'समजणे', आणि सर्वांत वर 'निर्माण करणे'. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. ज्ञान आहे की नाही हे बाहेरून कसं दिसणार? आठवून सांगितलेलं दिसतं. म्हणूनच टाचणात 'विद्यार्थ्याला समजते' एवढंच लिहून थांबू नका. समजलं हे तुम्हाला कशावरून कळणार, ते लिहा: स्वतःच्या शब्दांत सांगतो, नवं उदाहरण देतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. मग भराभर घेते, लिहून घ्या. आपल्या ठाण्याचे तलावच घेऊ, विषय एक आणि क्रियापदं बदलत जाऊ.

'नावे लिहा': मसुंदा, कचराळी, उपवन. संपलं, वाक्य करू नका. 'व्याख्या लिहा': तलाव म्हणजे काय, एका वाक्यात, नदी आणि विहीर त्यात बसू नयेत इतकं नेमकं. 'वर्णन करा': उपवन कसं आहे, येऊरच्या पायथ्याशी, काठावर काय, इथे 'का' नको. 'कारणे द्या': इथे फक्त 'का'. 'स्पष्ट करा': आधी काय, मग कसं किंवा का, जमलं तर उदाहरण. प्रश्नात 'सोदाहरण' असेल तर उदाहरणाचे गुण वेगळे धरलेले असतात, ते विसरू नका.

'फरक स्पष्ट करा' आणि 'तुलना करा' एक नाहीत. फरकात वेगळेपण पुरे, तुलनेत साम्यही हवं. दोन्हींत मुद्दा समोरासमोर ठेवा. मसुंदा शहराच्या मध्यात म्हटलं की उपवनाचंही ठिकाणच सांगायचं, त्याची खोली नाही. मुलं इथे दोन स्वतंत्र निबंध लिहितात.

'चर्चा करा' म्हणजे किमान दोन बाजू. तलावाकाठी खाऊच्या गाड्या असाव्यात का? विक्रेत्यांचं म्हणणं, फिरायला येणाऱ्यांचं म्हणणं, मग तुमचा कल. 'समीक्षा करा', 'मूल्यमापन करा': निकष सांगा आणि निकाल द्या. समीक्षा, परीक्षा, निरीक्षण, सगळ्यांत 'ईक्ष्' धातू आहे, पाहणे. समीक्षा म्हणजे नीट पाहणं. दोष काढणं हा अर्थ आपण त्याला चिकटवला. नववं झालं का? दहावं, 'टीप लिहा': व्याख्या, दोन-तीन वैशिष्ट्यं, महत्त्व, बस.

स्पर्धा परीक्षावाले कोण आहेत? हात वर करा. बरेच आहात. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे हे सगळं तुम्हालाही लागू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्न, तीन तास, म्हणजे प्रश्नाला नऊ मिनिटं. त्यात प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत, उत्तर तुम्ही मराठीत लिहिणार. क्रियापद मनात आधी मराठीत आणा, मगच लिहायला घ्या. त्या नऊ मिनिटांतलं अर्धं मिनिट त्याला द्या.

आणि शिक्षकांनो, पुढची उत्तरसूची करताना एकदा प्रश्नातलं क्रियापद आणि सूचीतले गुण शेजारी ठेवून बघा. 'स्पष्ट करा' विचारलं असेल तर एक मुद्दा नीट स्पष्ट करणाऱ्या मुलीला गुण देण्याची जागा सूचीत ठेवा. मला हॉल रिकामा करायला सांगतायत. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी बाहेर जिन्यापाशी या, मी आहे.