पातीवर न टिकणारा थेंब

(दृश्य : काच, ड्रॉपर)
काचेवर पडला, पसरला, बसला. इथं बघण्यासारखं फार नाही.

(दृश्य : अळूचं पान, अतिमंद गती)
आता अळू. थेंब तेवढाच, उंचीही तीच. भाकरीसारखा चपटा झाला... कडा आत ओढल्या गेल्या... आणि हा उडाला! पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आहेत, त्यांवर मेण. थेंब टेकतो तो फक्त टोकांवर, मधल्या फटींत हवाच. दोन मिलिमीटरचा थेंब पानाला शिवून सुटतो सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात. जरा वरून सोडला तरी ही वेळ फारशी बदलत नाही.

(दृश्य : अंधारी खोली, ठिणगी, रेखाचित्रं)
हे बघायला आज कॅमेरा आहे. १८७६ मध्ये इंग्लंडच्या आर्थर वर्दिंग्टनकडे होती अंधारी खोली आणि विजेची ठिणगी. थेंब आपटला की क्षणभर उजेड. त्या उजेडात दिसलं ते कागदावर काढायचं. पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा, की पुढचं चित्र. वर्षानुवर्षं हेच. मग फोटो निघू लागले, आणि कळलं की खरे शिंतोडे चित्रांइतके नीटनेटके नसतात. वेडेवाकडेपणा नजरेनंच परस्पर गाळला होता. तरी माणसाची चिकाटी बघा!

(दृश्य : कांद्याचं शेत, पाठीवरचा पंप)
आता कांद्याची पात. उभी, गोल, वर पांढुरकं मेण. नोझलमधून निघालेले थेंब बघा. काही उडाले, काही घरंगळले. थ्रिप्स, म्हणजे रस शोषणारे बारीक फुलकिडे, बसलेत पातीच्या बेचक्यात, औषध चाललंय मातीत. पैसा गेला, जमिनीत विष गेलं. आणि आपण म्हणतो, औषधच बोगस.

(दृश्य : तीच पात, स्टिकर घातलेलं पाणी)
थेंबाला पुन्हा गोल करतो तो पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण. स्टिकर, म्हणजे फवारणीच्या पाण्यात मिसळायचं द्रव्य, तो ताण कमी करतो. पण थेंब पसरताना नवा पृष्ठभाग तयार होतो, तिथं स्टिकर काही मिलिसेकंदांत पोचला तरच उपयोग. इथं पोचलाय. पसरला... कडा मागे आल्याच नाहीत. पात ओली झाली.

(दृश्य : शेजारची पात)
इथं स्टिकर प्रमाणाबाहेर. पाणी पातीवरून ओघळून खाली. डब्यावर प्रमाण छापलेलं असतं, तेवढंच घाला.